हात बसायची वाट बघू नकोस, रविवारी ये

अगं,

तुझा मेसेज वाचला, दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून आता निवांत बसून लिहितेय. तू म्हणतेस आपल्या जलरंगाच्या ग्रुपमधले सगळे पुढे गेलेत, तुझी चित्रं फिकी दिसतात, त्यापेक्षा थोडे दिवस घरीच व्हिडिओ बघून हात बसवते आणि मग येते. मला हे अजिबात पटलं नाही. हात बसायच्या आधीच ग्रुपमध्ये यायचं असतं.

का ते सांगते. जलरंगात रंग नंतर, आधी पाणी. आणि पाण्याचं टायमिंग पूर्ण झालेल्या चित्रात दिसत नाही, व्हिडिओत तर मधला वाळायचा वेळ कापूनच टाकलेला असतो. आपल्या साताऱ्यात एप्रिलमध्ये दहाच्या उन्हात घाटावर बसलीस तर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली आणेपर्यंत वरचा कोपरा वाळलेला असतो, आणि जुलैत तोच वॉश किती वेळ झाला तरी ओलाच, मग आपण कंटाळून त्यात ब्रश घालतो आणि सगळं बिघडतं. हे कोण कुठल्या व्हिडिओत सांगणार? शेजारी बसलेल्याचा कागद मात्र तुझ्याच उन्हात, तुझ्याच वाऱ्यात वाळत असतो, त्याने कधी हात लावला आणि कधी थांबला हे तुला समोर दिसतं.

तर बघायचं काय, तर कागदाची चमक. वॉश दिल्यावर पाणी वर साचलेलं असतं तेव्हा कागद आरशासारखा चमकतो, तेव्हा रंग सोडलास तर तो कुठेही पळतो. मग ती चमक मंद होते, कागद तिरका धरून बघितलं तरच कळते, ढगाच्या कडा, लांबचे डोंगर, धुकं हे सगळं तेव्हा करायचं, पण ब्रशमध्ये रंग घट्ट हवा आणि पाणी कागदापेक्षा कमी हवं. इथेच सगळ्यांची गडबड होते. कागद निम्मा वाळलाय आणि आपण पाण्याने भरलेला ब्रश टेकवतो, ते पाणी आधीच्या रंगाला बाजूला ढकलत जातं आणि कातरलेल्या कडेचा, फुलासारखा पसरलेला डाग पडतो, त्यालाच फ्लॉवर म्हणतात. तो पुसत बसू नकोस, अजून वाढतो. त्यानंतर चमक जाते, कागद कोरडा दिसतो पण नसतो. बोटांची मागची बाजू हळूच टेकवून बघ, गार लागला म्हणजे आत ओल आहे, अजून थांब. दुसरा थर पूर्ण वाळल्यावरच. हे वाचून कळेल पण डोळ्याला सवय लागायला चार जणांचे कागद एकाच वेळी वाळताना बघावे लागतात, म्हणून म्हणते ये.

आणि डेमो चालू असताना सगळे चित्राकडे बघतात, तू फडक्याकडे बघ. ब्रश पाण्यातून काढल्यावर तो माणूस फडक्याला किती टेकवतो, कुठे नुसता कडेला निथळतो आणि कुठे चांगला दाबून पुसतो, अर्धं शिक्षण तिथेच आहे.

फिकेपणाचं म्हणशील तर जलरंग वाळल्यावर फिका होतोच, ओला असताना बरोबर वाटला तर वाळल्यावर कमी पडणार हे धरून चालायचं, ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. जलरंग म्हणजे हलकं, पुसट काहीतरी हा समज काढून टाक. चित्रकार हळदणकरांचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठव, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, पुष्कळ लोक अजून ते रविवर्म्याचं समजतात, ते जलरंगातलं आहे. इतका अंधार आणि इतका उजेड याच माध्यमात होतो.

माहुलीला दगडी घाट करताना काळा रंग पॅलेटवर काढूच नकोस. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एवढे दोनच घे, सावलीत निळा जास्त, उन्हाकडे सिएना जास्त, आणि पॅलेटवर पार एकजीव करू नकोस, कागदावर एकमेकांत मिसळू दे, खरखरीत कागदावर निळ्याचे कण खाली बसतात आणि दगडाचा पोत आपोआप येतो. पायरीचा वरचा भाग ऊन झेलतो, तो जवळजवळ कोरा सोड, उभा भाग गडद. पांढरा रंग लावून उजेड परत आणता येत नाही, कागद राखूनच ठेवावा लागतो.

सामानाचा फार बाऊ करू नकोस. केमलच्या ट्यूब चालतात, एक मोठा गोल ब्रश, एक चपटा, दोन डबे पाणी. पैसे घालायचेच तर कागदात घाल, 300 जीएसएमचा जाड घे, आणि जमलं तर कॉटनचा, तो पाणी आत घेतो आणि जास्त वेळ ओला राहतो, तुला विचार करायला वेळ मिळतो.

आता ग्रुपचं. बिघडलेलं चित्र घडी घालून बॅगेत टाकतेस ते मी बघितलंय. तसं करू नकोस, शेवटी सगळे कागद मांडतात तेव्हा तेही मांड आणि "आवडलं का" असं विचारू नकोस, "इथे कडा कडक का आली" असं विचार, म्हणजे लोक कामाचं सांगतात. कोणी चांगल्या मनाने का होईना तुझ्या कागदावर ब्रश चालवायला आलं तर सरळ सांग, काका, बाजूच्या कागदावर दाखवा ना. ते रागवत नाहीत. तुझ्या कागदावर दुसऱ्याने दुरुस्ती केली की चित्र सुधारतं आणि तू होतीस तिथेच राहतेस. आणि तुझ्यानंतर जी शाळेतली मुलं आलीत त्यांना तू वॉश दाखव, खरंच, दुसऱ्याला सांगताना आपल्यालाच कळतं आपण कुठे घाई करतो.

औंधला जायचं पण ठरतंय. तिथलं भवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलं, ते स्वतः चित्रं काढायचे. चित्रकार राजा आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आणि आपल्यातल्या निम्म्यांनी त्याचा संग्रह बघितलेला नाही याचं मला फार वाईट वाटतं. तू चल, तिथे एकेका चित्रासमोर उभं राहून बोलू.

या रविवारी माहुलीलाच आहे, संगमाच्या बाजूला, साडेसातपर्यंत पोच म्हणजे ऊन चढायच्या आत आकाश आणि पाणी उरकेल. पाव शीटचेच दोन तुकडे आण, मोठा कागद नको, आणि घाटाचं पूर्ण चित्र करायच्या भानगडीत पडू नकोस. पहिल्या कागदावर नुसता वॉश दे आणि तो वाळेपर्यंत शेजारच्यांचे कागद बघत फीर, दुसऱ्यावर चार पायऱ्या आणि त्यांची सावली कर. जागा माझ्या शेजारी धरून ठेवते.

तुझी मावशी