कूलरसाठी तीन पिनी सॉकेट: आधी अर्थिंग, मग बोर्ड

भाऊ, तुमचं घर आर्वीकडचं, वडिलांच्या काळातलं. लाकडी पट्टीवरचं वायरिंग, सगळे सॉकेट दोन भोकांचे. कूलर घ्यायचा म्हणून त्याच वायरींवर १६ अँपिअरचे तीन पिनी सॉकेट बसवू का, असं विचारता.

तसं करू नका. मुळात १६ची गरजच नाही. घरगुती कूलर दीड-दोनशे वॅटचा. २३० व्होल्टवर एक अँपिअरही ओढत नाही. त्याला ६ अँपिअरचं तीन पिनी सॉकेट पुरतं. १६चं लागतं ते गिझरला, मोठ्या हिटरला, आणि तिथं मागची वायरही किमान २.५ चौरस मिमी तांब्याची हवी. जुन्या बारीक वायरीवर मोठं सॉकेट लावलं की लोक त्यात काहीही खुपसतात आणि वायर पट्टीतच तापते.

कूलरचा धोका लोडचा नाही, बॉडीचा आहे. पत्र्याची टाकी, आत बुडालेला पंप, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बादलीनं पाणी ओतणारं घरातलं कोणीतरी. पंपाचं इन्सुलेशन गेलं की करंट टाकीत उतरतो. अशा वेळी सॉकेटचं वरचं मोठं भोक, म्हणजे अर्थचं, नुसतं शोभेचं असेल, तर ते दोन भोकांपेक्षा वाईट. कारण घरचे निर्धास्त होतात.

काही वायरमन त्या भोकातून न्यूट्रलला जंपर, म्हणजे वायरीचा छोटा तुकडा, मारून देतात. टेस्ट लॅम्प लागतो, गिऱ्हाईक खूश. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला, किंवा जोडताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर कूलरची टाकी थेट फेजवर येते. असा जंपर दिसला तर आधी तो काढायला लावा.

अर्थिंग नवीनच करा. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, कोळसा, मीठ ही नेहमीची पद्धत चालेल, फक्त जागा नीट निवडा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. न्हाणीच्या सांडपाण्याजवळची ओल धरणारी जागा बरी. उन्हाळ्यात पाईपात पाणी ओतत राहा. तिथून हिरवी वायर प्रत्येक तीन पिनी सॉकेटपर्यंत अखंड न्या.

आणि ६० वॅटचा बल्ब फेज ते अर्थ लागला म्हणून अर्थिंग पक्कं समजू नका. त्या बल्बचा स्वतःचाच रेझिस्टन्स नऊशे ओहमच्या घरात. अर्थिंग पन्नास ओहमचं असलं तरी तो जवळपास तितकाच उजळ दिसेल. वायरमनला अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजणारा अर्थ टेस्टर आणायला सांगा. अर्थिंग ५ ओहमचं मिळालं तरी २३० भागिले ५ म्हणजे जास्तीत जास्त ४६ अँपिअर. एवढ्यावर १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा खटका) झटकन पडेलच असं नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार कोंबलेली असेल तर विषयच संपला. म्हणून मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईन तोडणारा खटका, लावाच. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

सॉकेट शटरवालं, आयएसआय मार्कचं घ्या. समोरून पाहताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. आणि खटका फेजवरच. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, मेन बंद करून. टाकीत पाणी भरताना मात्र खटक्यावर विसंबू नका, पिनच काढा.

हे सगळं महाशिवरात्रीच्या आत उरका. एप्रिल लागला की वायरमन गावोगाव कूलरच्या मोटारीच बांधत फिरतो, हाती लागत नाही.