४५ एचपीच्या ट्रॅक्टरला ३० टनांचा लॉग स्प्लिटर घ्यावा का, आणि तो ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर चालेल का?

आपल्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि जुन्या आंब्याचे ओंडके फोडून बेकऱ्यांना सरपण पुरवायचे आहे आणि त्यासाठी लॉग स्प्लिटर, म्हणजे हायड्रॉलिकच्या जोराने ओंडके फोडणारे यंत्र, २० टनांचे घ्यावे की ३० टनांचे, असा आपला प्रश्न आहे. मी सिंधुदुर्गात जळाऊ लाकडाची वखार चालवतो आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक व वेगळा पंप, या दोन्हींवर लाकूड फोडलेले आहे. रोज तासाभराहून अधिक काम असेल, तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा पंप आणि स्वतःची तेलटाकी असलेले यंत्रच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. टनांचा आकडा त्यानंतर पाहावा.

हा आकडा कसा निघतो, ते आधी समजून घ्या. सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब, म्हणजे जोर. १२५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर भरते. २५० बार दाब धरला तर हाच सिलिंडर ३१ टनांचा ठरतो आणि १५० बार धरला तर जेमतेम १९ टनांचा. विक्रेता पाटीवर पहिला आकडा लिहू शकतो, पण आपल्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल सोडून देणारी झडप) १५० ते १८० बारच्या आसपास उघडत असेल, तर ते ३१ टन आपल्या हाती कधीच येणार नाहीत. म्हणून विक्रेत्याला टन विचारण्याऐवजी सिलिंडरचा आतला व्यास, दट्ट्याचा दांडा किती जाड आहे, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) किती आहे आणि जोराचा आकडा किती बारवर काढला आहे, हे चार प्रश्न विचारावेत.

दुसरा हिशेब वेगाचा आहे, आणि रोजच्या कामात तोच अधिक जाणवतो. १२५ मिलिमीटरचा सिलिंडर ६० सेंटिमीटर पुढे सरकायला सुमारे ७.४ लिटर तेल लागते. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल, तर पाचर पुढे जायला २२ सेकंद आणि मागे यायला जवळपास १८ सेकंद जातात, म्हणजे एका फेरीला ४० सेकंद. शेजारी उभा असलेला माणूस तेवढ्या वेळात सरळ धाग्याचा ओंडका कुऱ्हाडीने फोडून मोकळा होतो. त्याउलट १०० मिलिमीटरचा सिलिंडर त्याच तेलावर २५ सेकंदांत फेरी पूर्ण करतो आणि १८० बारवर १४ टन जोर देतो. बाभळीच्या फूटभर जाडीच्या ओंडक्याला तो बहुतेक वेळा पुरतो.

आता ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकविषयी. ट्रॉली उचलण्यासाठी जे तोंड दिलेले असते, ते पुष्कळदा एकेरी असते. तेल जॅकमध्ये जाते आणि ट्रॉलीच्या वजनाने परत येते. लॉग स्प्लिटरचा सिलिंडर दोन्ही बाजूंनी तेलावर चालतो, त्यामुळे दुहेरी डीसीव्ही (तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) आणि परतीच्या तेलाला मोकळी वाट, या दोन्ही गोष्टी लागतात. याहून मोठी अडचण अशी की आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांमध्ये हायड्रॉलिकचे आणि गिअरपेटीचे तेल एकच असते. मी पहिला हंगाम याच पद्धतीने काढला. दोन तास सलग लाकूड फोडले की लिफ्टच्या झाकणावर हात ठेवता येत नसे, आणि नळ्या काढताना-जोडताना भुसा व माती आत जात राहिली. पावसाळ्यापूर्वी तेल बदलले, तेव्हा ते काळपट आणि पातळ झालेले होते आणि जाळीवर लोखंडाचा बारीक चुरा साचला होता. गिअर आणि बेअरिंग ज्या तेलावर जगतात, त्याच तेलाला हे काम सांगू नये, हे त्या दिवशी मला पटले. महिन्यातून दोन-चार दिवस घरचे सरपण फोडायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेवढ्यासाठी ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक जरूर वापरा.

पीटीओची जोडणी अशी करावी. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो, गिअर पंपाला तेवढे फेरे अपुरे पडतात, म्हणून मध्ये एकास तीन वेग वाढवणारी गिअरपेटी बसवतात. त्यापुढे ३२ सीसीचा (एका फेऱ्याला ३२ घन सेंटिमीटर तेल देणारा) पंप असेल तर मिनिटाला ४८ ते ५० लिटर तेल मिळते, १२५ मिलिमीटरचा सिलिंडर १७ सेकंदांत फेरी पूर्ण करतो आणि १८० बारवर पूर्ण भार आला तरी २५ एचपीच्या आसपासच शक्ती लागते. आपल्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर ती सहज मिळेल. मोठा ट्रॅक्टर घेण्याचे कारण नाही. टाकी निदान ६० लिटरची असावी, पंपाकडे जाणारी नळी दीड इंची आणि शक्य तितकी आखूड असावी, आणि परतीच्या वाटेवर फिल्टर असलाच पाहिजे. तेल आपल्या हवेला ६८ ग्रेडचे योग्य. पंपाकडे जाणारी ही ओढीची नळी बारीक ठेवली तर पंप खडखडू लागतो आणि लवकर निकामी होतो, आणि पैसे वाचवताना बहुतेक जण नेमकी हीच नळी बारीक घेतात.

लाकडाची जात विसरू नका. ओले लाकूड वाळलेल्यापेक्षा बहुधा सोपे फुटते. निलगिरीत हे फार ठळकपणे दिसते, कारण वाळल्यावर तिचा पीळ घट्ट होतो. फांदीच्या बेचक्यातला जांभळाचा ओंडका लावला की पाचर चार बोटे आत जाते आणि थांबते, इंजिनाचा आवाज जड होतो, रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळू लागतो आणि नळी ताठ होऊन थरथरते. अशा वेळी व्हॉल्व्हचा स्क्रू आवळण्याचा मोह होतो; तो कटाक्षाने टाळावा. लिव्हर सोडावा, ओंडका फिरवून कडेकडेने ढलप्या काढाव्यात. चार धारांच्या पाचरीला जोर बराच जास्त लागतो, म्हणून ती काढता-घालता येणारी असावी.

४५ सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा ओला ओंडका ७० किलोच्या घरात जातो. दिवसभर असे ओंडके कमरेएवढे उचलणे माणसाच्या पाठीला परवडत नाही, तेव्हा यंत्र थ्री पॉइंट लिंकेजवर (ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायच्या तीन दांड्यांवर) उभे करता येणारे घ्या, म्हणजे ओंडका जमिनीवरूनच लोटत आणता येतो.

पीटीओच्या शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण काढून ठेवू नका; उपरणे किंवा ओढणीचे टोक त्यात गुंतायला क्षणही लागत नाही. लिव्हर चालवणारा आणि ओंडका धरणारा एकच माणूस असावा. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर तिथे बोट लावून पाहू नये, पुठ्ठा धरून पाहावे, कारण त्या दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जाऊन शल्यचिकित्सकाला दाखवावे.

वखारीत थ्री-फेज वीज असेल आणि यंत्र हलवायचे नसेल, तर ७.५ एचपीच्या मोटरवर दोन टप्प्यांचा पंप हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे: हलक्या भाराला तो भरपूर तेल देतो आणि लाकूड अडले की थोडे तेल मोठ्या दाबाने देतो. कोणतेही यंत्र ठरवण्यापूर्वी आपल्याकडचे सर्वांत गाठाळ असे चार ओंडके टेम्पोत घालून विक्रेत्याकडे न्या, आपल्यासमोर फोडून घ्या आणि प्रत्येक फेरीचा वेळ घड्याळावर मोजा.