पासिंगपुरता शाफ्ट काढायचा का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका भाऊंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. गाडी २०१२ची बोलेरो पिकअप, पिवळी पाटी, टू व्हील ड्राइव्ह. कुळागर (पोफळी-नारळाची बाग) उतरणीला, पावसात केळीचे घड नि नारळ भरून वर यायचं म्हटलं की मागची चाकं चिखलात नुसती गरगरतात, म्हणून दोन वर्षांमागे चोर्ला घाटापलीकडच्या एका गॅरेजात ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या चाकांकडेही वाटणारा डबा), डिफरन्शियलवाला (चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा) पुढचा अ‍ॅक्सल आणि पुढचा शाफ्ट बसवून घेतला, सगळा भंगारातला माल, १ लाख ४० हजार गेले. गेल्या वर्षी पासिंग झालं, कोणी काही बोललं नाही. यंदा इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला आणि फिटनेस सर्टिफिकेट दिलंच नाही. आता एजंट म्हणतो, पुढचा शाफ्ट काढून परत दाखवू, पास झाली की संध्याकाळी बसवा. करू का? आणि कंपनी स्वतः हीच पिकअप फोर बाय फोरमध्ये काढते, मग माझीच बेकायदेशीर कशी?

भाऊ, एजंटचं ऐकू नका. का ते सांगतो, पण आधी तुमचा दुसरा प्रश्न घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे.

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या स्पेसिफिकेशनशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे अगदी स्वच्छ करून टाकलं. रंग बदलला तर नोंदवून घेता येतो, मंजुरी घेऊन त्याच जातीचं इंजिन बदलता येतं, पण कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन हलवायचं नाही. आता तुमची आरसी काढून बघा. ड्राइव्ह कुठला असा रकाना त्यात नाही, आणि गॅरेजवाले नेमकं त्यावरच बोट ठेवून सांगतात की आरसीत कुठे लिहिलंय, काही होत नाही. पण मेकरचं मॉडेल लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, अ‍ॅक्सलवरचं वजनही असतं. रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला, ट्रान्सफर केस नि नवा अ‍ॅक्सल काही हवेत तरंगत नाही, आकडा आरसीशी जुळणार नाही.

कंपनीची फोर बाय फोर चालते कारण त्या मॉडेलला तसं टाइप अप्रूव्हल मिळालेलं असतं, ब्रेकपासून सगळं टेस्टिंग एजन्सीने (आपल्याकडे पुण्याची एआरएआय वगैरे) बघितलेलं असतं. तुमच्या गाडीचं कोणी बघितलं? पुढच्या नि मागच्या डिफरन्शियलचा रेशो एकच आहे का, म्हणजे क्राउन-पिनियनचे दात त्या मिस्त्रीने मोजले का, हे मी विचारलं तर तुमच्याकडे कागद नाही. रेशो जुळत नसला तर डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावल्याबरोबर पुढची नि मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो, हे मी वकील असून सांगतोय, मिस्त्रीला तर माहीत असायलाच हवं होतं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी आणि दिव्यांगांसाठी बदललेल्या गाड्या यांना कायद्याने वाट करून दिलीय. एका सुट्या गाडीला भंगारातला फोर बाय फोर बसवून नंतर मंजूर करून घ्यायची तशी वाट नाही, त्यामुळे "आरसीत एंडोर्स करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर खिशाला हात लावू नका.

गाडी फक्त कुळागरात फिरते असं म्हणता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना कायदा सोडतो खरा, पण तुम्हीच लिहिलंय की दर आठवड्याला माल घेऊन वाळपईला जाता. संपलं मग.

आता एजंटची आयडिया. गेल्या वर्षी पास झाली म्हणून यंदाही व्हायला पाहिजे असा हक्क मिळत नाही, चुकून सुटलेली गोष्ट कायदेशीर होत नसते. पण आजपर्यंत तुम्ही निदान एवढं तरी म्हणू शकता की मला कल्पना नव्हती, गॅरेजवाल्याने चालतं म्हणून सांगितलं. कायदा त्याने माफ करत नाही, पण दंड ठरवताना माणूस बघतात. उद्या शाफ्ट काढून दाखवला नि परत बसवला की तेवढंही गेलं, आता तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही लपवलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर १८२ए कलमाखाली अशा बदलाला मालकालाच शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार दंड किंवा दोन्ही. मिस्त्री नव्हे, मालक.

दंडाची मला तेवढी काळजी नाही. उतारावर ब्रेक लागला नाही आणि समोर स्कूटरवाला आला, ही काळजी आहे. विम्याचा सर्व्हेयर गाडीखाली बघणारच, तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी फेटाळायला बघेल, आणि जखमीची भरपाई आधी भरली तरी नंतर ती तुमच्याकडून वसूल करायला मागे लागू शकते. तो आकडा १ लाख ४० हजाराचा नसतो, कुळागर विकायला लावणारा असतो. आणि सध्या फिटनेस नाही म्हणजे कायद्याच्या नजरेत गाडीचं रजिस्ट्रेशनच वैध नाही, पहिल्यांदा पकडली तर २ ते ५ हजार, परत पकडली तर १० हजारांपर्यंत आणि कैदही होऊ शकते, तेव्हा आजपासून ती रस्त्यावर काढू नका, चतुर्थी जवळ आली तरी.

करायचं काय, तर नाकारल्याचं कारण लेखी घ्या, तोंडी नाही. गाडी मूळ रूपात आणा, नुसता शाफ्ट नव्हे, ट्रान्सफर केस नि पुढचा अ‍ॅक्सलही उतरवून कंपनीच्या पार्टनंबरचा जुना सेटअप बसवा, पक्कं बिल घ्या, काम चालू असताना फोटो काढा, आणि चासी कुठे कापलीय किंवा वेल्ड केलीय का ते आधी मला कळवा, कारण चासी नंबरच्या आसपास हात लागला असेल तर गोष्ट रजिस्ट्रेशन रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते. मग परत पासिंगला न्या आणि काय बदललं होतं, काय काढलं, हे स्वतःहून अर्जात लिहा. तरी अडवलं तर कलम ५७ खाली अपील आहे, पण आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत, म्हणून तो कागद आणि त्याच्यावरची तारीख जपा.

गॅरेजवाल्याकडून पैसे मिळतील का? ग्राहक आयोगात जाता येतं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पर्वरीला, बेळगावला खेपा घालायला नकोत. गाडी पोटापाण्यासाठी स्वतः वापरता म्हणून "व्यावसायिक" ह्या सबबीवर तुम्हाला बाहेर काढणं सोपं नाही. पण मुदत दोन वर्षांची, आणि काम होऊन दोन वर्षं होत आलीत, आठवडाभरही घालवू नका. शिवाय तो म्हणणारच की बेकायदेशीर काम तुम्हीच सांगितलंत, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. त्याने "आरटीओ काही म्हणत नाही" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं सापडलं तर केसमध्ये जीव आहे, नाहीतर नोटीस पाठवून जेवढं मिळेल तेवढं घ्या असं मी म्हणेन.

चढाचं काय करायचं, तर आरसीत लिहिलेल्या साइझचेच जाड गट्ट्यांचे टायर मागे घाला, मागच्या चाकांवर थोडं वजन राहील असा माल भरा, आणि जमलं तर कंपनीतूनच फोर बाय फोर निघालेली जुनी गाडी शोधा, घेण्याआधी आरसीतलं मॉडेल वाचा. आणि हो, तो भंगारातला अ‍ॅक्सल कुठल्या गाडीचा होता, त्याचं बिल आहे का? चोरीच्या गाडीचा निघाला तर ते प्रकरण वेगळंच, म्हणून मला फोन करण्याआधी ते बिल शोधून ठेवा.