‘ड्रॅगन एज’ ही गेममालिका खरोखर डार्क फँटसी म्हणता येईल का?

माझ्या मते पहिले दोन भाग डार्क फँटसीच (म्हणजे काळोख्या, भीषण कल्पनारम्य कथा) आहेत आणि नंतरचे दोन नाहीत. त्यामुळे संपूर्ण मालिकेवर एकच शिक्का मारणे मला पटत नाही. (पुढे कथेतील महत्त्वाची वळणे उघड केली आहेत.)

रक्तपात आणि राक्षस किती आहेत, यावरून हे ठरू नये. त्या जगात योग्य वागणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते का, आणि ती चुकवण्याची वाट खेळाडूसाठी मोकळी ठेवली आहे का, हे पाहावे. बायोवेअरच्या २००९ सालच्या ‘ओरिजिन्स’ या पहिल्या भागातील ग्रे वॉर्डनांचा, म्हणजे डार्कस्पॉन राक्षसांशी लढणाऱ्या योद्ध्यांचा, दीक्षाविधी घ्या. तिथे त्याच राक्षसांचे रक्त प्यावे लागते. आपल्याबरोबरचा डेव्हेथ ते पिऊन तडफडून मरतो, आणि ते पाहून भेदरलेला जोरी बायको-मुलाचे नाव घेत माघार घेऊ लागतो, तेव्हा आपल्याला इथवर आणणारा डंकनच त्याला भोसकतो व लगेच तो प्याला आपल्यापुढे धरतो. डंकनला कुठेही खलनायक ठरवलेले नाही, आणि या प्रसंगाची खरी भीषणता त्यातच आहे.

मात्र याच भागात रेडक्लिफ या गावाच्या प्रसंगात लेखकांनी कच खाल्ली आहे. पिशाचाने झपाटलेल्या कॉनर या मुलाला मारायचे की रक्तजादूसाठी त्याच्या आईचा बळी द्यायचा, असा पेच उभा केल्यावर, बुरुजावरच्या जादूगारांना मदतीला आणून दोघांनाही वाचवण्याची सोय दिली आहे. शिवाय त्या प्रवासात गावाचे काहीही बिघडत नाही.

२०११ चा दुसरा भाग अशी सोय देत नाही. त्याच त्या गुहा वारंवार वापरल्यामुळे तो बदनाम झाला खरा, पण मालिकेतील सर्वांत काळोखी कथा त्याचीच आहे. बायकांच्या शरीराचे भाग जोडून आपली मृत पत्नी पुन्हा घडवणाऱ्या खुन्याच्या हाती नायकाची आई लिअँड्रा सापडते, आणि खेळाडूने काहीही केले तरी ती वाचत नाही. अँडर्स या जादूगार सोबत्याला मदत करा अथवा नकार द्या, त्याच्या हातून कर्कवॉल शहराचे चँट्री (धर्ममंदिर) उद्ध्वस्त होतेच.

२०१४ च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये काळोखी सामग्री भरपूर आहे, पण तिचा भार कुणीच वाहत नाही. ‘ऑक्युलरम’ हे यंत्र भावनाशून्य केलेल्या जादूगारांच्या कवटीपासून बनवलेले असते; ते कळल्यानंतरही आपण त्यातूनच डोकावून स्फटिकाचे तुकडे गोळा करत राहतो. २०२४ च्या ‘द व्हेलगार्ड’मध्ये दोन शहरांपैकी एकाच्याच मदतीला जाता येते, हा प्रसंग उत्तम जमला आहे, एरवी त्याचा सूर जिवाभावाच्या सोबत्यांच्या साहसकथेचा आहे.

आपल्याला डार्क फँटसीच हवी असेल, तर ‘ओरिजिन्स’ शहरी एल्फ हे पात्र निवडून सुरू करावा आणि त्यानंतर दुसरा भाग अवश्य खेळावा.