फलकावरचा रंग उन्हात किती वर्षं टिकेल, हे आधी तपासता येतं का?

मॅडम, तुमच्या जिल्हा परिषद शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर नकाशे, पाढे आणि चित्रं डिजिटल छापून लावायची आहेत. छापणारा "5 वर्षं यूव्ही गॅरंटी" म्हणतो, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांनी 5 वर्षं रंग उडणार नाही. ते खरं की खोटं हे आधी कसं ओळखायचं आणि त्यासाठी प्रयोगशाळेत जावं लागतं का, असं तुम्ही विचारलंय.

तपासता येतं. प्रयोगशाळेची गरज नाही. आणि त्या 5 वर्षांना काडीची किंमत देऊ नका. गॅरंटी कोणत्या रंगाची, कोणत्या उजेडातली आणि किती फिका पडला म्हणजे रंग गेला असं धरायचं, हे तीनही कागदावर लिहिलेलं नसेल तर तो कागद परत करा.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातला पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे, सगळं ब्रशने केलंय. आता बाहेरून छापून आलेलं कामही बसवून देतो. नवीन कुठलीही शाई, व्हिनाइल (ज्यावर छापतात तो प्लास्टिकचा पातळ पत्रा) किंवा ऑइलपेंट हातात आला की त्याची एक पट्टी प्लायच्या तुकड्यावर लावून घराच्या स्लॅबवर ठेवायची, ही माझी जुनी सवय. घरचे वैतागतात, वडी-पापड वाळवायला जागा उरत नाही म्हणून. पण या पट्ट्यांनीच मला जे कळलं ते कुठल्याही एजंटने कधी सांगितलं नाही.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बाया-माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. वाघही त्याच वाटांवर असतो. म्हणून काही गावांच्या बाहेर, जंगलाच्या तोंडाशी फलक लावायचं काम निघालं. वर लाल रंगात मोठ्या अक्षरांत "सावधान", मधे वाघाचं चित्र, खाली निळ्या आणि काळ्या अक्षरांत सूचना: एकट्याने जाऊ नका, अंधारात जाऊ नका, आवाज करत चला. कंत्राट एकाने घेतलं, छपाई शहरातून होणार होती, लोखंडी फ्रेम आणि उभारणी माझ्याकडे आली.

त्याच छपाईवाल्याची पट्टी माझ्या स्लॅबवर आधीपासून होती. लालाचा गुलाबी झाला होता, पिवळा मळकट पांढरा दिसत होता, निळा आणि काळा मात्र जागचे हलले नव्हते. मी ती पट्टी घेऊन कंत्राटदाराकडे गेलो. म्हटलं, "सावधान" काळ्यात छापा, नाहीतर पत्र्यावर मी हाताने लिहून देतो, मजुरीही कमी घेतो. तो म्हणाला, "लाल म्हणजे धोका, हे लहान पोट्ट्यालेई समजते. काळ्यात कोन लिवते सावधान? अन् पेंटरचा जमाना गेला भाऊ." मग त्याने पिशवीतून इंग्रजीतला चाचणी अहवाल काढला. 1000 तास, पास.

मी तो अहवाल तिथेच चहाच्या टपरीवर बसून वाचला. दिवा यूव्हीए-340, म्हणजे अतिनील किरणांची ट्यूबलाइट. 8 तास 60 अंशांवर प्रकाश, मग 4 तास 50 अंशांवर दव, पुन्हा प्रकाश. ही चाचणी खोटी नाही. रंगाचा थर तडकतो का, चमक जाते का, हात लावला की पावडर सुटते का, हे बघायला ती चांगलीच आहे. पण शाईचा रंग उडतो तो फक्त अतिनील किरणांनी नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडातला निळा-जांभळा भागही त्याला खातो आणि त्या ट्यूबमध्ये तो जवळपास नसतोच. रंग उडतो का हे तपासायला झेनॉन वायूचा दिवा लागतो, कारण त्याचा उजेड सूर्याच्या उजेडाशी सगळ्यात जास्त जुळतो. त्यात साधारणपणे 102 मिनिटं नुसता उजेड आणि 18 मिनिटं उजेडासोबत पाण्याचा फवारा, असं चक्र चालवतात. हे सगळं बाजूला ठेवलं तरी मुख्य गोष्ट वेगळीच होती. त्या अहवालात कोऱ्या पांढऱ्या व्हिनाइलची चमक आणि पिवळेपणा मोजला होता. त्यावर छापायच्या शाईबद्दल एक ओळ नव्हती. पांढऱ्या कागदाची परीक्षा घेतली आणि लाल अक्षरांना पास केलं.

हे मी चार माणसांसमोर बोललो. कंत्राटदाराला राग आला. फलक लाल रंगातच छापले गेले. मी फ्रेम उभ्या केल्या, कारण मजुरीचा शब्द दिला होता. आमच्या गावच्या वाटेवरचा एक फलक मात्र मी माझ्या खर्चाने पत्र्यावर लिहिला: पांढऱ्या जमिनीवर काळी अक्षरं, रेड ऑक्साईडची जाड पट्टी आणि वाघाचं अंग पिवळ्या ऑक्साईडमध्ये.

पुढच्या तेंदूच्या हंगामापर्यंत छापील फलकांवरचं "सावधान" ओळखू येईना. सूचना स्पष्ट वाचता येत होत्या, पण त्या वाचायला थांबवणारा शब्द गेला होता. वाघाचंही तसंच. छपाईत नारिंगी म्हणजे मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी या दोन शाया एकत्र, त्या दोन्ही उडाल्या. काळे पट्टे तेवढे राहिले. मोहफुलं वेचून येणाऱ्या एका आजीने मला विचारलं, "हा कोनता जनावर होय जी बाबू? ढान्या तं नाई वाटत." तिला वाचता येत नाही. ते चित्र तिच्यासाठीच होतं. त्या वाटेवर काही घडलं नाही हे आमचं नशीब, पण मला अजूनही ते आठवलं की संताप येतो. कंत्राटदाराने वर सांगितलं, त्या वर्षी ऊन जास्त होतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीत पारा 45 ते 47 अंशांवर जातो, हे फलकाची ऑर्डर घेताना माहीत नव्हतं?

यात गूढ काही नाही. कुठल्याही एसटी स्टँडवर जुनं बॅनर बघा, सगळे चेहरे निळे पडलेले असतात. निळी (सायन) शाई थॅलोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची असते. तिच्या रेणूच्या मधोमध तांब्याचा अणू धरलेला असतो आणि ती रचना फार चिवट असते. काळी शाई म्हणजे कार्बन, काजळी. ती उन्हाला दाद देत नाही. स्वस्तातल्या पिवळ्या आणि मॅजेंटा शाया मात्र अशा सेंद्रिय रंगद्रव्यांच्या असतात ज्यांचे रेणू उजेडाने तुटतात. ऑफसेटच्या, म्हणजे छापखान्यातल्या, शायांना टिकाऊपणाचे आकडे देतात, ते सहसा असे: पिवळी 5, मॅजेंटा 5, सायन 8, काळी 8. हे आकडे ब्लू वूल मोजपट्टीचे. लोकरीच्या 8 निळ्या पट्ट्या असतात, पहिली सगळ्यात लवकर उडते आणि पुढची प्रत्येक आधीच्यापेक्षा साधारण दुप्पट टिकते. म्हणजे 5 आणि 8 यांच्यात तीन पायऱ्या, जवळपास आठपट फरक. एकाच कागदावर दोन रंगांचं आयुष्य इतकं वेगळं असताना पूर्ण फलकाला मिळून "5 वर्षं" कसं म्हणता येईल?

वर्षांचा आकडा कसा फुगतो त्याचं उदाहरण फोटोंच्या जगात आहे. फोटोप्रिंट किती वर्षं टिकेल हे काढताना कोडॅक ही फोटोची कंपनी घरातला उजेड 120 लक्स (उजेड मोजायचं माप) धरायची आणि अमेरिकेतले फोटोंचा टिकाऊपणा तपासणारे विल्हेल्म 450 लक्स धरायचे, दोघेही दिवसाला 12 तास. प्रिंट तोच असला तरी नुसत्या त्या गृहीतकामुळे वर्षं पावणेचारपट होतात. आणि आपल्याकडचं दुपारचं थेट ऊन 1 लाख लक्सच्या आसपास जातं.

आता तुमचं काम. छापणाऱ्याकडून एक वीतभर पट्टी मागा, त्याच मशीनवर, त्याच व्हिनाइलवर, त्याच लॅमिनेशनसह छापलेली. त्यात भरीव लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळा हवा आणि त्याच रंगांच्या फिक्या छटाही हव्यात. फिकी छटा नेहमी भरीव रंगाच्या आधी जाते आणि नकाशात तर सगळ्या फिक्याच छटा असतात. पट्टीचे तीन तुकडे करा. एक स्टीलच्या पेटीत, अंधारात. दुसरा फळीवर लावून त्याचा अर्धा भाग पुठ्ठा आणि वर ॲल्युमिनियम फॉइलने घट्ट झाका, म्हणजे उन्हातला आणि सावलीतला रंग एकाच तुकड्यावर शेजारी दिसतील. तिसरा प्रत्यक्ष त्या भिंतीवर, जिथे काम लागणार आहे तिथेच. ब्लू वूलचं कार्ड मिळालं तर फळीवर शेजारी लावा, किती ऊन खाल्लं ते कार्ड सांगेल. नाही मिळालं तरी पेटीतला तुकडा पुरेसा आहे. तुलना मोबाईलच्या फोटोवर करू नका, कॅमेरा रंग स्वतःच दुरुस्त करतो. दोन तुकडे व्हरांड्याच्या सावलीत, दिवसाउजेडी, शेजारी धरून बघा.

फळी कशी ठेवायची यावर पुस्तकांत लिहितात, दक्षिणेला तोंड करून 45 अंशांवर. ते युरोप-अमेरिकेसाठी ठीक आहे. आपण 21 अंश अक्षांशाच्या आसपास राहतो. 26 मेच्या सुमारास नागपूरला भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन चाटून जातं, पश्चिमेच्या भिंतीला मात्र दुपारभर भाजतं. डिसेंबरात उलट होतं, दुपारचा सूर्य 45 अंशांवर उतरतो आणि दक्षिणेची भिंत पूर्ण उन्हात येते. लवकर निकाल हवा असेल तर फळी जवळपास आडवी ठेवा, पाणी ओघळेल इतकाच उतार द्या. तिच्यावर जे उन्हाळाभरात होईल ते भिंतीवर सावकाश होईल. किती सावकाश, त्याचं ठरलेलं गणित नाही. त्यासाठी भिंतीवरचा तिसरा तुकडा. तुमची भिंत कोणत्या दिशेची हे तुम्ही लिहिलेलं नाही. पश्चिमेची असेल तर छापील नकाशाचा नाद सोडा.

अजून एक, "यूव्ही प्रिंट" म्हणून जे विकतात त्यात शाई यूव्ही दिव्याखाली सुकवलेली असते. त्याचा उन्हात टिकण्याशी थेट संबंध नाही. छापणारे हे गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

न्यायाने बोलायचं तर सगळ्या छापील शाया टाकाऊ नाहीत. क्विनॅक्रिडोन नावाच्या रंगद्रव्याची मॅजेंटा चांगली टिकते, महाग असते एवढंच. अतिनील किरणं अडवणारं लॅमिनेशन आयुष्य वाढवतं, पण दिसणारा उजेड ते अडवत नाही, कारण तो अडवला तर चित्रच दिसणार नाही. नाटकाच्या जाहिरातीला किंवा लग्नाच्या बॅनरला स्वस्त फ्लेक्सच योग्य, तिथे चार आठवड्यांपलीकडे कोण बघतो? आमचा ऑइलपेंटही अमर नाही. त्याची चमक जाते, पांढऱ्यावर पावडर येते, लाल एनॅमलसुद्धा फिका पडतो आणि चमकणारे फ्लुरोसंट रंग तर सगळ्यात आधी जातात. म्हणून ऑक्साईडचे रंग वापरायचे. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साईडच, त्यात उजेडाने तुटण्यासारखं काही उरलेलं नसतं. आणि पट्टी एका पावसाळ्यातून गेल्याशिवाय निकाल देऊ नका. नुसत्या उन्हात टिकलेलं व्हिनाइल ओल धरलेल्या भिंतीवर कडेने सुटतं.

नकाशे आत, वर्गात लावा, खिडकीसमोर नको. काचेतूनही रंग उडवणारा उजेड येतोच. बाहेर पाढे, मुळाक्षरं आणि पाण्याच्या टाकीजवळची सूचना पांढऱ्यावर काळ्या रंगात लिहून घ्या, चौकट गेरूची. गावात किंवा शेजारच्या गावात हाताने लिहिणारा एखादा पेंटर अजून असेलच, त्याला विचारा. त्याचा जमाना गेला असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला सिंदेवाहीकडच्या जंगलाच्या वाटेवर घेऊन या. पत्र्यावरचा माझा वाघ अजून पिवळा आहे.