‘पाच वर्षांपासून राहतोय’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ का चुकतं, असं विचारलंय. मराठीत ‘राहतोय’ हे एकच रूप आत्ताचंही काम करतं आणि मागून चालत आलेल्याचंही. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला वेगळं रूप लागतं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. मुदतीला ‘फॉर’, सुरुवातीच्या वेळेला ‘सिन्स’, जसं ‘सिन्स २०१९’. आपल्या ‘पासून’मुळे दोन्हीकडे ‘सिन्स’च तोंडात येतं, खरी गोम तिथेच आहे. आणि वाक्यात ‘काल’ असेल तर ‘हॅव’ नको. ‘मी त्याला काल भेटलोय’ मराठीत खपतं, इंग्रजीत मात्र ‘आय मेट हिम यस्टरडे’च.