एआय आल्यावर घरी सोडवायला दिलेल्या असाइनमेंटला आणि नोकरीच्या टेक-होम टेस्टला काही अर्थ उरलाय का?

उरलाय, पण नुसतं हातात आलेलं काम बघून मार्क देण्यात उरलेला नाही. मी काही वर्षं प्रोग्रामर भरतीतल्या टेक-होम तपासतोय, शिवाय एका कोर्सला शिकवतो. दोन्हीकडे घोळ एकच आहे.

पूर्वी कोड किंवा निबंध नीट उतरलेला दिसला की आपण धरून चालायचो, माणूस बसून झगडला असणार. तेव्हाही ते सरसकट खरं नव्हतंच. मोठ्या भावाकडून प्रोजेक्ट करून घेणारे होते, पैसे मोजून निबंध लिहून घेणारे होते. पण त्यासाठी भाऊ तरी लागायचा किंवा पैसे तरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तो भाऊ सगळ्यांच्याच घरी राहायला आला.

मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या नादी मात्र लागू नका. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं एक टूल काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने एआयचा शिक्का मारला. जुलैमध्ये त्यांनी ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध सरासरीने एआयचे ठरले. शब्द साधे वापरले, एवढाच त्या मुलांचा गुन्हा.

माझं नाकही काही वेगळं नाही. कोडमधल्या कॉमेंट (कोड काय करतो ते सांगणाऱ्या टिपा) फारच नीटनेटक्या आहेत म्हणून मी एकाला बाद केलं होतं. नंतर त्याचं २०१९ मधलं काम पाहिलं. तिथेही तशाच कॉमेंट.

तेव्हापासून एआय वापरा म्हणून मीच सांगतो. काम लहान देतो (एआय आहेच की, म्हणून चार तासांचं काम दहा तासांचं करणाऱ्या कंपन्या मला पटत नाहीत) आणि नंतर अर्धा तास त्याच कोडवर बसतो. एखादी अट बदलतो आणि समोरच बदल करायला लावतो. एकाला विचारलं, रिट्राय (फसलेला प्रयत्न परत करून बघणं) तीनदाच का? त्याने तो रिट्राय बहुतेक पहिल्यांदाच पाहिला होता. दुसरी म्हणाली, "एआयने इथे कॅश (एकदा आणलेला डेटा साठवून परत तोच वापरणं) घातला होता, मी काढला. डेटा मिनिटामिनिटाला बदलतो, जुनं दिसलं असतं." तिला घेतलं.

सगळंच समोर बसवून का घेत नाही, असं म्हणाल. घेता येतं, पण कोणी डोक्यावर उभं असलं की हात थरथरणारे चांगले लोक त्यात गळतात.

नवशिक्यांचं गणित वेगळं. तो कॅश काढायचा हे कळायला आधी स्वतः चार चुका केलेल्या असाव्या लागतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मी वर्गातच कागदावर लिहून घेतो. पुढे असाइनमेंट घरी आणि त्यावर तोंडी. आता साठ जणांना दहा-दहा मिनिटं म्हणजे सरळ दहा तास. तेवढे माझ्याकडे नाहीत. मग चिठ्ठ्या टाकून दरवेळी दहा जणांना बोलावतो, आणि नावं त्याच दिवशी सकाळी सांगतो.